एकट्या पुस्तकाचा हिशोब कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक आहे आणि गेल्या चार वर्षांपासून एका पुस्तकाचा प्रकाशकही आहे. ‘एका’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, कारण पुढे जे सांगायचे आहे ते सगळे त्या एकाच शब्दापाशी येऊन अडते. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्यांविषयी आपल्या पत्रात अधूनमधून मजकूर येतो. त्यात छपाईचा खर्च, अनुदान आणि वाचकांचे दुर्भिक्ष यांची चर्चा असते. माझा अनुभव थोडा निराळा आहे आणि तो सविस्तर मांडण्यासाठी आपण जागा द्याल अशी आशा आहे.

माझे पुस्तक जमीन मोजणीच्या शब्दांविषयी आहे. जमीन मोजायची शंकू साखळी, तिचे सोळा आणे म्हणजे सोळा भाग, टिपण, फाळणी, शिवेचे दगड, बांधाची भांडणे असा त्याचा विषय. पुण्यातल्या दोन प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून सौजन्याने नकार दिला. त्यांपैकी एकाने स्पष्टच विचारले, “हे विकत घेणारी तीनशे माणसे तुम्ही मला दाखवू शकाल का?” मला तेव्हा दाखवता आली नाहीत. त्या नकाराबद्दल माझ्या मनात राग नाही. प्रकाशकाने स्वतःचे पैसे कुठे घालावेत हे त्यानेच ठरवायचे असते, आणि प्रत्येक नाकारलेल्या लेखकाने स्वतःला उपेक्षित समजावे इतके आपले लेखन मोलाचे असतेच असे नाही. पण पुस्तक व्हायला हवे होते, कारण साखळी ओढलेली माणसे आता फार राहिलेली नाहीत. म्हणून निवृत्तीच्या पैशांतून ते मीच काढायचे ठरवले.

ठरवल्यानंतर पहिली भेट झाली ती ‘पॅकेज’ विकणाऱ्यांशी. नाव घेत नाही. एकाचे घेतले तर बाकीचे सुटतील. पंच्याऐंशी हजार रुपयांत ‘संपूर्ण प्रकाशन सेवा’, त्यात लेखकाला पन्नास प्रती, आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे वेगळे, आणि सोबत नऊ पानांचा इंग्रजी करारनामा. घरातल्या एका वकील मुलीने तो वाचला म्हणून मी वाचलो. त्यात पुस्तकाचे सर्व हक्क, सर्व भाषांत, जगभर आणि कायमचे त्या संस्थेकडे जातील असे लिहिले होते. म्हणजे पैसे माझे, मजकूर माझा आणि मालकी त्यांची. प्रताधिकार अधिनियम, १९५७ यातील कलम १९ प्रत्येक नव्या लेखकाने एकदा तरी डोळ्यांखालून घालावे असे मला तेव्हापासून वाटते. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. इतके संरक्षण कायद्याने दिले आहे, पण करारात ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द लिहून खाली आपण सही केली की त्या संरक्षणाचा बराचसा उपयोग संपतो. शिवाय प्रताधिकार हा लिहिल्याबरोबर निर्माण होतो, लेखकाच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. ‘कॉपीराइट करून देण्याचे’ म्हणून जे वेगळे पैसे मागितले जातात ते देण्यापूर्वी एवढे तरी माहीत असावे.

आयएसबीएनचेही तसेच आहे. आपल्या देशात हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. कागदपत्रे नीट भरावी लागतात, वाट पाहावी लागते. पण सरकारी खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. दुसऱ्याच्या नावावरचा क्रमांक घेतला तर नोंदीत प्रकाशक म्हणून तो दुसराच राहतो, हे मात्र बहुतेकांना पुस्तक छापून झाल्यावर कळते. आणि हा क्रमांक म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. तेरा आकडी क्रमांक फक्त पुस्तक ओळखण्यापुरता आहे. महाविद्यालयीन बढत्यांसाठी ‘आयएसबीएन असलेले पुस्तक’ मोजले जाऊ लागल्यापासून तो क्रमांक मिळवण्यासाठीच पुस्तके निघू लागली, आणि त्यांच्या पावसात आमच्यासारख्यांची पुस्तकेही संशयाने भिजली. पण तो स्वतंत्र विषय आहे.

अखेर मी सगळी कामे सुटी सुटी करून घेतली. त्या कामांत शिकायला फार मिळाले. मजकूर मी युनिकोडमध्ये टंकित केला होता, अक्षरजुळणी करणारा मात्र जुन्या फाँटवर काम करणारा होता. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना ‘ऱ्या’ या अक्षराची वाट लागली. ‘शेतकऱ्याच्या’ या शब्दाचे पुस्तकभर ‘शेतकर्याच्या’ झाले, आणि जमिनीच्या पुस्तकात हा शब्द किती वेळा येतो याची आपण कल्पना करू शकता. पायऱ्या, दोऱ्या, सऱ्या, सगळ्यांची तीच गत. जिथे सी-डॅकसारखी सरकारी संगणक संस्था आहे आणि भारतीय भाषांच्या संगणकीय लिप्यांचे काम जिथे गेली तीन-चार दशके चालले आहे, त्या शहरात अजूनही ही अडचण यावी याचे मला आश्चर्य वाटले. हस्तलिखित जुळून २२९ पाने भरली, तेव्हा मुद्रकाने सांगितले की पाच पाने कमी करा, सोळा पानांचे चौदा फॉर्म (छपाईचे ताव) बरोबर बसतील, नाहीतर पाच पानांसाठी पंधराव्या फॉर्मचा कागद जाईल. ती पाच पाने कापताना माझ्या लक्षात आले की ती नसल्याने पुस्तकाचे काहीच बिघडत नाही. असे सांगणारा संपादक मला आधी मिळाला असता तर आणखी वीस पाने गेली असती आणि पुस्तक सुधारले असते.

इथे एक कबुली देणे भाग आहे. माझ्या पुस्तकाच्या ६१व्या पानावर एक गुंठा म्हणजे १०९८ चौरस फूट असे छापले गेले. साखळी ३३ फुटांची, ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९. तलाठ्याच्या पोरालाही हे पाठ असते. मुद्रितशोधनासाठी ज्यांना पैसे दिले त्यांनी ऱ्हस्वदीर्घ पाहिले, आकडे पाहिले नाहीत. आकडे मी पाहायचे होते आणि मी तिन्ही वाचनांत ते पाहूनही पाहिले नाहीत. शेवटी मी आणि आमच्या सौभाग्यवतींनी दोन संध्याकाळी बसून पाचशे प्रतींत काळ्या पेनने ९ आणि ८ यांची अदलाबदल केली. स्वप्रकाशित पुस्तके कच्ची असतात असा जो आक्षेप ग्रंथपाल, विक्रेते आणि समीक्षक घेतात तो उगाच घेतला जात नाही. मुखपृष्ठावर तीन रंग जास्त आणि आत मुद्रितशोधन नाही, प्रस्तावना चार आणि संदर्भसूची एकही नाही, अशी पुस्तके मी स्वतः भेट म्हणून स्वीकारली आहेत. प्रकाशक नसला की त्याची कामेही नाहीशी होतात असा समज आपण लेखकांनीच करून घेतला आहे. ती कामे शिल्लक राहतात आणि कुणीतरी करावीच लागतात.

आता हिशोबाकडे येतो, कारण लोक विचारायला संकोचतात आणि सांगायला त्याहून जास्त. जुळणी, मुद्रितशोधन, नकाशे, मुखपृष्ठ, कागद, छपाई आणि बांधणी धरून पाचशे प्रतींना मला ७३,५०० रुपये लागले. एका प्रतीला १४७. किंमत ठेवली ३०० रुपये. वितरकाने ४५ टक्के सवलत मागितली, म्हणजे माझ्या हाती प्रतीमागे १६५. साठ प्रती भेटीत, अभिप्रायार्थ आणि कायद्याने द्यायच्या त्या ठिकाणी गेल्या. उरलेल्या ४४० प्रतींपैकी एकूण एक प्रत विकली गेली आणि प्रत्येकीचे पैसे आले, असे स्वप्न पाहिले तरी ७२,६०० रुपये होतात. म्हणजे पूर्ण यश मिळाले तर नऊशे रुपये तोटा. किंमत वाढवावी तर आधीच थोडे असलेले वाचक आणखी थोडे होतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही ही गोष्ट चांगली आहे, पण कागदावर आणि छपाईवर तो भरावा लागतो आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला आहे. दुसरी आवृत्ती काढायची झाली तर हे गणित मला पुन्हा मांडावे लागेल.

वितरकाने घेतलेल्या शंभर प्रतींची गोष्टही सांगतो. चौदा महिन्यांनी त्यांतल्या बासष्ट परत आल्या, बऱ्याच जणींचे कोपरे दुमडलेले. पंधरा प्रतींचे पैसे मिळाले. तेवीस प्रतींचे ‘बाहेरगावच्या दुकानांकडून यायचे आहेत’ असे उत्तर मिळत राहिले आणि पुढे मी विचारणे सोडले. यात त्या वितरकाची लबाडी होती असे मला आजही वाटत नाही. त्याच्या खातेवहीत चाळीस पुस्तकांचे प्रकाशक होते, दोनशे पुस्तकांचे होते आणि मी एका पुस्तकाचा. तेवीस प्रतींसाठी तीन जिल्ह्यांत फोन करण्याचा खर्च त्या तेवीस प्रतींच्या कमिशनपेक्षा जास्त होता.

हे मला नीट समजावून दिले ते अप्पा बळवंत चौकातल्या एका विक्रेत्याने. मी पाच प्रती ठेवा म्हणून गेलो होतो. गर्दीचा जून महिना, काउंटरवर पाठ्यपुस्तकांच्या याद्या घेऊन पालकांची रीघ. त्यातून वेळ काढून तो म्हणाला, “काका, तुमचं पुस्तक ठेवायला मला चार इंच जागा लागते, ती आहे. पण तुमच्या एका पुस्तकाचा हिशोब ठेवायला माणूस लागतो, तो कुठून आणू? तुमच्यासारखे दिवसाला दोन येतात.” मी पिशवी उचलून बाहेर पडलो, पण त्याचे म्हणणे चौक ओलांडेपर्यंत मला पटलेले होते. स्वप्रकाशित लेखकाची खरी अडचण छपाईत नाही. पैसे असले की आज कुणीही छापू शकतो आणि डिजिटल छपाईमुळे पन्नास प्रतीही काढता येतात. अडचण अशी की एकटे पुस्तक कुणाच्याच हिशोबात बसत नाही: वितरकाच्या नाही, विक्रेत्याच्या नाही आणि ग्रंथालयाच्याही नाही.

ग्रंथालयांचा अनुभव विशेष सांगण्यासारखा आहे. मुळशी तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपालांनी माझे पुस्तक उभ्या उभ्या चाळले, त्यातले दोन शब्द आजोबांकडून ऐकल्याचे सांगितले आणि चार प्रती घेण्याची इच्छाही दाखवली. मग विचारले, “बिल कोणाच्या नावाचे देणार? पुस्तक शासनमान्य यादीत आहे का?” माझ्याकडे छापील बिलबुक नव्हते आणि शासनाने ग्रंथालयांसाठी निवडलेल्या पुस्तकांच्या त्या यादीत माझे पुस्तक नव्हते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची हजारो ग्रंथालये राज्यात आहेत आणि मराठी पुस्तकाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक तीच आहेत. पण त्यांच्या खरेदीची बरीचशी घाई मार्चअखेरीस होते, अनुदानाचा हिशोब लेखापरीक्षकाला दाखवायचा असतो, आणि एकाच विक्रेत्याकडून एका बिलावर सगळी पुस्तके घेणे सोयीचे पडते. ग्रंथपालांना दोष देता येत नाही. साध्या कागदावर लिहून दिलेले बिल त्यांनी घेतले आणि पुढे आक्षेप निघाला तर त्याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागणार. ग्रंथालय संचालनालयाने एवढे केले तरी पुष्कळ होईल: लेखकाने स्वतः प्रकाशित केलेल्या पुस्तकाचे, पॅन क्रमांक आणि आयएसबीएन असलेले बिल लेखापरीक्षणात ग्राह्य धरले जाईल, असे स्पष्ट परिपत्रक काढावे, आणि यादीसाठी पुस्तके मागवण्याची सूचना प्रकाशक संघटनांपुरती न ठेवता मोठ्या वृत्तपत्रांतून ठळकपणे द्यावी. निवड कडक करावी. माझे पुस्तक वाचून नाकारले तर माझी हरकत नाही. ते कुणी वाचलेच नाही, ही हरकत आहे.

सवलती आणि अनुदानांबद्दल थोडक्यात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना चांगली आहे आणि कित्येकांची पहिली पुस्तके तिच्यामुळे निघाली आहेत. पण ती पहिल्या पुस्तकाला हात देते, आणि छापून झाल्यावर गठ्ठे घरी येतात तेव्हा पुढे काय करायचे हे तिच्या कक्षेत येत नाही. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सेवा अचानक बंद केली, तेव्हा घरून पुस्तके पाठवणाऱ्या आम्हा लोकांचे धाबे दणाणले होते. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाल्यावर जिवात जीव आला. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. माझे पुस्तक वेष्टनासह तीनशे ग्रॅमच्या आत बसते, हा केवळ योगायोग; पण नवे पुस्तक काढणाऱ्याने कागद निवडताना घरच्या तराजूवर एकदा वजन करून पाहावे असा माझा सल्ला आहे. ई-पुस्तकांचा मार्गही मी पाहिला. किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवण्याची सोय २०१६च्या अखेरीपासून आहे, कथा-कादंबऱ्यांना ती उपयोगी आहे. माझे गावनकाशे मात्र मोबाइलच्या पडद्यावर मुंगीएवढे दिसतात.

कायद्याने द्यायच्या प्रतींचा उल्लेख वर केला. १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रसिद्धीपासून तीस दिवसांत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. स्वतः प्रकाशक झालेल्या लेखकावरही ही जबाबदारी येते. माझ्या ओळखीच्या बहुतेक लेखक-प्रकाशकांना हे ठाऊकच नव्हते, आणि ठाऊक झाल्यावर “चार प्रती फुकट का घालवायच्या?” असे त्यांनी विचारले. त्यांना मी एकच उदाहरण देतो. १८८२ मध्ये याच पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात, ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधाच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे. पुढे तो निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला तेव्हा नव्या पिढीला त्याची ओळख झाली. पाचशेतली एखादी तरी प्रत कुठेतरी नीट राहिली होती म्हणून हे होऊ शकले. आमच्या पुस्तकांची त्याच्याशी तुलना करण्याचा आगाऊपणा मी करत नाही, पण प्रतींची संख्या तेवढीच आहे आणि त्या गहाळ होण्याची शक्यताही तेवढीच आहे.

आता मूळ मुद्दा. एकट्या पुस्तकाचा हिशोब कुणाला परवडत नसेल तर ती पुस्तके एकटी राहू नयेत, इतका सरळ तोडगा आपल्याला का सुचत नाही? दूध, ऊस आणि पतपेढ्या यांसाठी आपण सहकारी संस्था काढल्या. पुस्तकांसाठी काढायला काय अडचण आहे? केरळात कोट्टायमला १९४५ मध्ये बारा लेखकांनी १२० रुपयांच्या भांडवलावर ‘साहित्य प्रवर्तक सहकारी संघ’ स्थापन केला आणि लेखकांनी स्वतःच पुस्तके काढून विकण्याची व्यवस्था उभी केली. मल्याळम साहित्याच्या वाटचालीत त्या संस्थेचे स्थान मोठे आहे. आपल्याकडेही एकट्याने न लढण्याची उदाहरणे आहेत. डॉ. श्री. व्यं. केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि तेवीस खंड काढून दाखवले. त्यातले बरेचसे काम याच शहरात झाले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे संस्था नोंदवायला निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. एकेक पुस्तक घेऊन फिरणारी दहा माणसे माझ्या मोबाइलमध्येच आहेत: एक निवृत्त परिचारिका, एक पीएमपी बसचे माजी वाहक, दोन कवी (कवी दोनच आहेत हे विशेष), एक विहिरी खोदणारे, आणखी काही.

अशा संस्थेकडून फार मोठ्या अपेक्षा नाहीत. तिचे एक बिलबुक असावे, एक कोरडी खोली असावी आणि महिन्याच्या महिन्याला हिशोब लिहिणारा एक अर्धवेळ माणूस असावा. त्या अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्याला दोनशे लेखकांची दोनशे खाती ठेवावी लागणार नाहीत, एकच ठेवावे लागेल. मुळशीच्या ग्रंथपालांना लेखापरीक्षकापुढे ठेवण्याजोगे बिल मिळेल. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे संस्थेने पुस्तक दाखल करून घेण्यापूर्वी ते कुणीतरी वाचावे, मुद्रितशोधन झालेले नसेल तर परत करावे. यावरून भांडणे होतील, हे मी धरून चाललो आहे. बांधाच्या भांडणांत पस्तीस वर्षे काढल्यामुळे मला त्यांची धास्ती वाटत नाही. मोजणीच्या आधी दोन्ही बाजूंना नोटीस द्यायची आणि खुणा सगळ्यांसमोर पक्क्या करायच्या, म्हणजे भांडण कमी होते. संस्थेचे नियमही तसेच आधी लिहून ठेवावेत.

पुण्यातल्या साहित्य संस्था यात मदत करू शकतात. १९०६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य परिषद टिळक रस्त्यावर आहे. महिन्यातून एका शनिवारी तिथे दोन तास एखादा जाणकार वकील आणि एखादा अनुभवी मुद्रितशोधक बसला आणि नव्या लेखकाचा करार किंवा पहिली वीस पाने त्यांनी पाहून दिली, तरी निम्मी फसवणूक आणि निम्म्या चुका टळतील. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या वतीने डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर जो पुस्तक महोत्सव भरतो, त्याची गर्दी मी पाहिली आहे. तिथे एका पुस्तकाच्या मालकाने दालन घेणे वेडेपणाचे ठरेल, पण लेखक-प्रकाशकांसाठी एक सामाईक दालन, मोजक्या निवडलेल्या पुस्तकांचे आणि प्रतीमागे शुल्क घेणारे, आयोजकांनी द्यायला हरकत नसावी. मागच्या खेपेला मी आणि ते माजी वाहक मैदानाबाहेरच्या रस्त्यावर, झाडाखाली, पिशवीतून पुस्तके दाखवत उभे होतो. तासाभरात सात प्रती गेल्या, आणि नंतर पोलिसांनी सौम्य शब्दांत पुढे जायला सांगितले.

शेवटी दोन गोष्टी आपल्या पत्राविषयी. पहिली, आपल्या रविवारच्या अंकातील ‘साभार पोच’ या सदरात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत अशी नोंद असते. प्रकाशकाच्या जागी लेखकाचेच नाव असलेली पुस्तके तिथे क्वचित दिसतात. ती येतच नाहीत की आली तरी बाजूला पडतात, हे आपणच सांगू शकाल. त्या चार ओळींच्या नोंदीचे बाहेरगावच्या ग्रंथपालांना किती महत्त्व असते, हे मी त्यांच्याकडून ऐकले आहे. काहीजण ती कापून वहीत चिकटवतात. दुसरी, ‘तुमचे पुस्तक तीस दिवसांत प्रकाशित करा’ अशा जाहिराती आपल्याकडेही छापून येतात. जाहिराती बंद करा असे मी म्हणणार नाही, वृत्तपत्रालाही कागदाचा कर भरावा लागतो. पण हक्क कोणाकडे राहतील, प्रती किती मिळतील आणि आयएसबीएन कोणाच्या नावाने असेल, या तीन गोष्टी जाहिरातीत लिहिण्याची अट आपण घालू शकता.

माझ्या दिवाणाखाली अजून १८७ प्रती आहेत. परिपाठाप्रमाणे अभिप्रायार्थ दोन प्रती या पत्रासोबत जोडणार होतो, पण मग हे पत्र जाहिरात ठरले असते, म्हणून पुस्तकाचे नावही लिहिलेले नाही. त्या प्रती ज्ञान पोस्टाने स्वतंत्रपणे येतील. ६१वे पान दुरुस्त केलेले आहे.

कळावे,
आपला,
एक लेखक-प्रकाशक, पुणे ३०
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)